टेपचं दुसरं टोक

“बारा?”

“बाराच.”

पहिला आवाज दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दुसरा आईचा. माझ्या लहानपणी दर दसऱ्याला, गाडीची पूजा व्हायच्या आधी, दोघं डिकीत वाकायचे. दादांच्या हातात स्टीलचा टेप, त्याचं दुसरं टोक आईच्या हातात. मग टेपला हळदकुंकू, मग गाडीला झेंडूची माळ. मला वाटायचं, गाडीच्या पूजेत टेप असतोच. शेजारच्या सोजरबाईंच्या स्कूटरपुढे तो दिसला नाही, तेव्हा ‘तुमची पूजा अर्धीच झाली’ असं मी त्यांना सांगूनही आले होते.

दादांना जाऊन दीड वर्ष झालं. गाडी आकुर्डीच्या घरासमोर कव्हराखाली उभी. लाल, जपानी, दोन दारांची, पळण्यासाठीच जन्मलेली. एका परदेशी साहेबानं देश सोडताना दादांना विकलेली. डिकीला एकच मोठं काचेचं झाकण. ते पेलणारे दोन्ही गॅस शॉकर थकलेले, म्हणून दादांनी वेळूची काठी टेकू म्हणून आत ठेवलेली. पुढच्या महिन्यात पासिंग होतं आणि गाडी आता आईच्या नावावर होती.

“देऊन टाक भंगारात,” आई म्हणायची. ती मावळातली, बोलणं अजून तिकडचंच. “मला न्हाई बघवत.”

“आधी नीट करून आणते. मग ठरव.”

“तू कर. सही करायची का न्हाई, ते मी बघीन.”

चाकणला मी ज्या कंपनीत टेस्टिंगला आहे, तिथे असलेच शॉकर बनतात. त्यामुळे निवडणं मला सोपं वाटलं. दोन जोड्या पिशवीत घातल्या, एक साडेतीनशे न्यूटनची, एक साडेचारशेची, आणि गाडी घेऊन चिखलीला नूरमोहम्मदचाचांच्या गॅरेजात गेले. चाचा दादांचे जुने दोस्त.

“मोठीच टाकू चाचा. जोर असलेला बरा.”

“असं कोण म्हणलं?” चाचांनी झाकणाला लटकता वजनकाटा अडकवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि आकडा वाचला. “बेटा, कंपनीत तू मशीनवर दाबतेस. इथं काच आहे. जास्त जोर लावलास तर बंद करताना काच कमानीसारखी वाकंल, एक दिवस तडकंल.”

“पण लहान जोडी थंडीत खाली येईल. गॅस आकसतो.”

“डिसेंबरात सकाळी सात वाजता डिकी कोण उघडतंय?”

“मी.”

“मग चारशेची आण. वाद कशाला घालतेस?”

दुसऱ्या दिवशी चारशेची आणली. झाकण असं उठलं, जसा वाऱ्यानं दोरीवरचा पदर उचलावा. काठी मी बाजूला ठेवली, टाकवली नाही.

मग आला बार. मागच्या चाकांचे धक्के डिकीतल्या ज्या दोन पत्र्याच्या खांद्यांवर येतात, त्यांना जोडणारा हा आडवा दांडा. वळणावर गाडीचं जुनं अंग पिळवटू नये म्हणून लावायचा. मी तो याच मॉडेलचा मागवला होता. उजवीकडचे बोल्ट बसले. डावीकडचं भोक आठ मिलिमीटर पुढे.

“बार चुकीचा आला,” मी म्हटलं.

“किंवा गाडी,” चाचा म्हणाले.

त्यांनी ओळंबा काढला. गाडीखालच्या एकेका बिंदूवरून दोरा सोडायचा, खाली जमिनीवर खडूची फुली. फुल्या झाल्यावर आम्ही गाडी ढकलून बाहेर काढली. फरशीवर गाडीचं अंग उरलं, रांगोळीच्या ठिपक्यांसारखं. चाचांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली, मग दुसऱ्या तिरक्या रेषेवर तीच दोरी धरली. ती पुरली नाही.

“मागचा डावा कोपरा आत गेलाय. ठोकलीय कधीतरी.”

“शक्यच नाही. दादा म्हणायचे, गाडीला ओरखडाही नाही.”

“लोखंडाला तसं म्हणता येत नाही ना बेटा.” ते उकिडवे बसले. “आता एकच बघायचं. एकदाच वाकून बसलंय, का अजून सरकतंय? बसलेलं असंल तर ह्याच मापाचा बार मी बनवतो. सरकत असंल तर भाभी बोलतात तेच खरं. भंगार.”

“ते कळणार कसं?”

“आधी आतून बघू.” आम्ही डिकीतलं कार्पेट उचललं. डाव्या खांद्यावर मोहरीएवढा एक खळगा होता. डॉट पंच ठोकून मुद्दाम केलेला. उजव्या खांद्यावर, अगदी समोर, तसाच दुसरा. दादा टूलरूमचे, अशी खूण त्यांच्याशिवाय कोण करणार?

चाचांनी टेप धरला, दुसरं टोक मी खळग्यावर टेकवलं.

“एक हजार बारा मिलिमीटर,” चाचा म्हणाले.

“बाराच,” माझ्या तोंडून निघालं, आणि टेप हातातून सुटला.

मी आईला फोन केला. “आई, दसऱ्याचं ते बारा कसलं गं?”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, “येते.”

तासाभरात रिक्षातून उतरली. फरशीवरच्या खडूच्या गाडीभोवती एक फेरी मारली, एकाही फुलीवर पाय पडू न देता. मागच्या डाव्या कोपऱ्याशी थांबली.

“नूरभाई, हे बावीस वर्सांमागचं हाय. ही स्वरूपा पहिलीत हुती. त्यानंतर एक केस बी सरकलं न्हाई.”

“उद्धवराव मला कधी बोलले नाहीत, भाभी.”

“ते कशाला बोलतील? ते पहिल्या शिफ्टला हुते. गाडी मी चालवत हुते. एकटी.”

चाचांनी हातातला खडू खाली ठेवला.

“माहेराहून, तळेगावाकडनं येत हुते. वाटंवरच्या मोरीचा कठडा लागला. ह्यांनी आठ दिवस खपून सरळ केली. बाईच्या हातात दिली म्हणून आळी हसंल, म्हणून कुणाला कळू दिलं न्हाई. मी म्हणलं, आता चाकाला हात लावायची न्हाई. तर दर दसऱ्याला टेपचं टोक माझ्या हातात द्यायचे. बघ मंजुळा, म्हणायचे, हाय तिथंच हाय. चालव की आता.”

तिनं बाहेर गाडीशी जाऊन उघड्या झाकणाखाली हात नेला, पण धरलं नाही. ते आपल्या बळावर उभं होतं.

“अन् मी दर साली नुसतं ‘बाराच’ म्हणून टोक सोडून द्यायची.” ती माझ्याकडे वळली. “मला चालवायची हुती गं.”