अहमदच्या बोटातली अंगठी

मी एक जुनी अंगठी आहे, मित्रांनो, आणि मला बोटातच राहायचं होतं. या काचेच्या कपाटात ठेवताना मला कोणी विचारलं नाही.

शारजातल्या एका फुटबॉल क्लबने १९९४ साली आपल्या थोर खेळाडूंसाठी हॉल ऑफ फेम सुरू केलं, तेव्हा मी घडले. मी चांदीची आहे, कारण तिकडचे पुरुष सोनं अंगावर घालत नाहीत. माझ्या माथ्यावर चेंडू कोरलाय आणि आतल्या बाजूला नाव, अहमद. गुडघा गेला आणि अहमदचं मैदान सुटलं. मग तो एका कंपनीत व्हिसाची कामं बघू लागला. रोज रांगा, शिक्के, सह्या. पण त्याने काउंटरवर हात टेकला की एखादा म्हातारा शिपाई मला ओळखून उठून उभा राहायचा. तेवढ्यापुरता अहमद लंगडायचा नाही.

त्याच कंपनीत सुजीत नावाचे पुण्याचे साहेब अकाउंट्स सांभाळत. राहायला अल मजाजला. खेळाडूंच्या वस्तू जमवण्याचं त्यांना भारी वेड. बॅटी, टोप्या, कोणाचे मोजेसुद्धा! एका ईदला अहमदने त्यांना घरी बोलावलं. कहवा झाला, खजूर झाले आणि साहेबांची नजर माझ्यावर पडली.

"अहमदभाई, क्या रिंग है! सुपर्ब!"

अहमदने मला लगेच काढून पुढे केलं. "तफद्दल, लीजिए. आपका है."

मित्रांनो, तिथली जुनी रीत अशी, की पाहुण्याने एखादी वस्तू वाखाणली की यजमान ती देऊ करतो आणि पाहुणा म्हणतो, नको, तुमच्याच हाती शोभते. दोघांचाही मान राहतो. पंगतीत जिलबीला दहादा नको म्हणणारे आमचे सुजीतसाहेब इथे मात्र "थँक यू, हबीबी!" म्हणाले आणि मला खिशात टाकून मोकळे झाले. अहमद हसत राहिला. दिलेला शब्द त्याला मागे घेता येईना. भीड ही भिकेची बहीण, दुसरं काय!

मग माझं कौतुक सुरू झालं. आल्यागेल्याला मी दाखवली जाई. गोल मारले अहमदने, मिरवले साहेब. आयत्या बिळावर नागोबा! छायाबाई, म्हणजे साहेबांची बायको, दर शुक्रवारी मला पुसत आणि म्हणत, "एवढा मोठा प्लेयर आणि चांदीची?"

२००२ साली क्लबचा मोठा सोहळा ठरला. हॉल ऑफ फेमचे सगळे खेळाडू अंगठ्या घालून मैदानात येणार होते. त्याआधी एका संध्याकाळी अहमद अल मजाजला आला. चहा पिताना तो माझ्याकडेच बघत होता.

"सुजीतभाई, ये रिंग बहुत अच्छा है."

साहेब, आता यजमान तुम्ही. म्हणा हो, तुमचीच आहे म्हणा!

"है ना?" साहेब खुलले. "मेरे कलेक्शन का बेस्ट पीस!"

"क्लब का प्रोग्राम है. सब लोग पहनके आएगा."

"अरे वा! हम टीव्हीपे जरूर देखेंगे!"

अहमदने कप खाली ठेवला आणि सलाम करून निघाला. दार लागल्यावर मुलगी मुग्धा म्हणाली, "बाबा, आय थिंक ही वॉन्ट्स इट बॅक."

"छे गं! प्रेझेंट दिलेलं कोणी परत मागतं का? हवी असती तर सरळ बोलला असता."

सोहळ्याच्या दिवशी पाहुणे टीव्हीसमोर जमले. एकेक नाव पुकारलं जाई, खेळाडू हात उंचावे. अहमदचं नाव आलं. कॅमेरा एका रिकाम्या खुर्चीवर थांबला. तेवढ्यात साहेबांनी मला कपाटातून काढून स्वतःच्या बोटात घातलं आणि हात वर केला. "बघा, ओरिजिनल इथे आहे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या बोटाची किळस आली.

मित्रांनो, माझी काळजी इथे फार छान घेतली जाते, एक डागसुद्धा नाही माझ्यावर. तुमच्या घरी कोणाची अशी वस्तू असेल तर ती पुसत बसू नका. उठा आणि परत देऊन या. त्याने मागायची वाट पाहू नका. अहमदने ती नोकरी सोडली, आणि या घरी तो पुन्हा कधीच आला नाही.