एकच हाक

परभणीच्या त्या सेवा क्लबाचा आठवडा ठरलेला असे. गुरुवारी दवाखान्यात फळवाटप, म्हणजे एक केळं, चार हात आणि फोटो. रविवारी वृक्षारोपण, बहुधा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात. शनिवारचं काम मात्र खरं होतं. आदल्या दिवशी मोतीबिंदू काढलेल्या खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांना क्लबची गाडी गावोगाव सोडून यायची. यादी घेऊन सोबत जायचे सचिव बन्सीधर. विद्यापीठात कारकुनी करून निवृत्त झालेले, वेळेचे पक्के.

गाडी देवगाव फाट्यावर टपरीशी चहाला थांबायची. चहा झाला की बन्सीधर नावं पुकारायचे. प्रत्येक नाव तीनदा. पहिल्याच हाकेला माणूस समोर येऊन उभा राहिला तरी उरलेल्या दोन हाका मारल्याशिवाय पुढं सरकायचे नाहीत. ड्रायव्हर पंडित हसायचा, "साहेब, लिलाव करायलाव का काय?"

हसण्यासारखं नव्हतं ते. गेल्या वर्षी याच फाट्यावर, तिन्हीसांजेला, त्यांनी एक नाव एकदाच पुकारलं होतं. दगडाबाई. रात्री क्लबची सभा होती, पाहुणे यायचे होते, घाई होती. ओ आली नाही. सभेमुळं त्या दिवशी गाडी तिच्या गावापर्यंत जाणार नव्हती, तिचा लेक रामकिशन तिला मोटारसायकलवर न्यायला फाट्यावर येणार होता. नेलं असेल, असं समजून बन्सीधरनी नावापुढं खूण केली आणि गाडी हलली.

म्हातारी टपरीमागं लिंबाखाली बसली होती. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं आधीच दिसत नव्हतं. मेंढरं पांगली म्हणून रामकिशनला उशीर झाला. तो पोचला तेव्हा लिंबाखाली कुणी नव्हतं. सकाळी दगडाबाई कालव्यात सापडली.

दहाव्याला बन्सीधर गेले. रामकिशन म्हणाला, "साहेब, माय तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला कधीच ओ द्यायची न्हाई. एकदाच हाक मारतंय ते माणूस नसतंय, म्हनायची. माणूस आसंल तर पुन्हा हाक मारतंय. तुमी तीनदा मारली आसंल ना?"

म्हणजे म्हातारीच्या लेखी त्या दिवशी बन्सीधर माणूस नव्हतेच.

"मारली," ते म्हणाले. "तीनदा."

"मंग मुद्दामच बोलली न्हाई. मी टायमाला आलो न्हाई म्हनून रुसली माय माझ्यावर." आणि तो बाप्या माणूस धाय मोकलून रडला.

एका खऱ्या शब्दानं त्याचं ओझं उतरलं असतं. तो शब्द बन्सीधरनी गिळला. तेव्हापासून दर शनिवारी फाट्यावर यादी संपली की टपरीमागून, अगदी हळू, एक ओ यायला लागली. पंडितला ती ऐकू येत नसे. वळून बघायची छाती बन्सीधरना कधी झाली नाही.

या शनिवारी यादीत शेवटचं नाव रामकिशनचं होतं. पन्नाशीतच मोतीबिंदू. डोळ्याला पट्टी बांधून तो गाडीत खिडकीशी बसला होता.

"रामकिशन!"

ओ नाही. बन्सीधरनी दुसरी हाक मारली.

"ओ," तो म्हणाला. आईचीच खोड.

तिसरी हाक मारायचं बन्सीधर विसरून गेले. आता टपरीमागून ती ओ येणार, हे त्यांना ठाऊक होतं. ती यायच्या आत लिंबाकडे तोंड करून ते ओरडले, "दगडाबाई!" आणि थांबले.

मग ते खिडकीशी आले.

"रामकिशन, त्या दिवशी एवढीच हाक मारली होती मी. एकदाच. तुझी आई रुसली नव्हती रे. दुसऱ्या हाकेची वाट बघत होती. मी तुझ्याशी खोटं बोललो."

रामकिशननं खिडकीतून तोंड बाहेर काढून हाक मारली, "माय!" थोडं थांबून पुन्हा, "माय!"

लिंबाखालून ओ आली. पंडितचा हात चावीवरच राहिला. या वेळी त्यानंही ऐकलं होतं.

रामकिशन बाकावर सरकला, एका माणसापुरती जागा केली. "चला पंडितराव," तो म्हणाला, "बसली माय."

गाव येईपर्यंत त्या रिकाम्या जागेवर त्याचा हात होता. तो उतरून चालायला लागला तेव्हा बन्सीधरनी त्याला हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा.

त्यानं ओ दिली नाही.