माइक चालू आहे

"तू माझ्यासमोर मुद्दाम मरतोस का?"

प्रश्न माइकमधून गेला आणि दिपमालानं जीभ चावली. मागे दिवाणावर पुनम आणि शीतल उशीत तोंड खुपसून हसत होत्या. पैजच तशी लागली होती. विचारलंस तर आठवडाभर मधल्या सुट्टीतली कचोरी आमच्याकडून, आणि नाही विचारलंस तर 'मी पीसीवाल्यांना हरवते' हे पुन्हा वर्गात बोलायचं नाही.

आणि ते तर ती येता-जाता बोलत होती. गेल्या वर्षीपर्यंत जिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नसे, ती आता शेवटच्या बाकावरच्या पोरांना ऐकवत होती. ऐकवणारच. शिरपूरच्या एका घरात, टीव्हीला जोडलेल्या कॉन्सोलवर, नुसत्या अंगठ्यांनी खेळून पीसीवाल्याला लोळवणं म्हणजे काय खायचं काम होतं? त्यांच्या हाताखाली माउस. मनगट हललं की बंदूक गर्रकन मागे वळते. आपण अंगठा रेटत वळेपर्यंत गोळी कपाळात आलेली असते. सेटिंगमध्ये जाऊन पीसीवाल्यांना बंद करता येतं, मग फक्त आपल्यासारखे कॉन्सोलवालेच समोर येतात. पण दिपमालानं ते कधी केलं नाही. हा गेम ज्यानं आणला तो म्हणायचा, खेळायचं तर सगळ्यांशी, नाहीतर घरातल्या घरात लपंडाव खेळा.

तो, म्हणजे नवल, तिचा मोठा भाऊ. गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी घरातून गेला, तो गेलाच.

"लिहितोय बघ, लिहितोय," पुनमनं तिला कोपर मारलं.

समोरच्या खेळाडूचं नाव सायलेंट. दीड महिन्यापूर्वी त्याची मैत्रीची विनंती आली होती आणि तेव्हापासून तो रोज पाचच्या सुमारास हजर असायचा. गंजलेल्या कंटेनरांचं एक ओसाड बंदर, त्यात ती आणि तो, दोघंच. त्याचा माइक नव्हता म्हणे. ती बोलायची, तो इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचा, तेही एखाद-दुसरा शब्द. शीतलनं आज त्याचे इतरांबरोबरचे खेळ पाहिले होते आणि तिथंच तिची शंका बळावली होती.

"बाकीच्यांना एका गोळीत झोपवतो गं हा. तुझ्यासमोरच याचा हात लुळा पडतो? लाइन मारतोय तो, लिहून घे."

पडद्यावर उत्तर आलं. 'नाही.'

"हात्तिच्या," पुनम म्हणाली. "एवढंच?"

दिपमालानं कॉलर ताठ केली. "बघा. म्हटलं नव्हतं? आमच्या अंगठ्यात जादू आहे. कचोरी गरम पाहिजे मला, चटणी वेगळी."

तेवढ्यात खाली दुसरी ओळ उमटली. 'मघाशी हुकलं ते तुझ्यामुळे नाही. कंट्रोलर डावीकडे ओढतो. अंगठा जरा उजवीकडे दाबून धरत जा.'

"डावीकडे ओढतो?" शीतलनं विचारलं. "तू बोलली नाहीस कधी."

बोलली नव्हतीच. हरल्यावर बॅटला नावं ठेवणाऱ्यांतली ती नव्हती. पण खेळ पाहून जाणकाराला तेवढं कळलंही असेल, असं मनाशी म्हणत तिनं पुढचा खेळ सुरू करायला बटण शोधलं. बोट बटणावर पोचायच्या आत तिसरी ओळ आली.

'पडला तेव्हापासून तसाच आहे.'

दिपमालाचा अंगठा तिथंच राहिला.

कंट्रोलर पडला नव्हता. तो फेकला गेला होता. नवलला पीसी हवा होता. कॉन्सोलवर खेळून स्पर्धा जिंकता येत नाहीत, पीसीवाल्यांपुढे टिकायचं तर पीसीच लागतो, हे तो महिनाभर पप्पांना सांगत होता. पप्पांचं करवंद नाक्यावर जळालेल्या पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. त्यांना एवढंच दिसत होतं, की बावीस वर्षांचा आंडोर, घरातला मोठा मुलगा, दुकानात यायचं सोडून टीव्हीपुढे बसतो. त्या संध्याकाळी त्यांनी त्याच्या हातातला कंट्रोलर हिसकावला आणि भिरकावला, तो कपाटाच्या पायावर आपटला. नवलनं तो उचलला, फुंकर मारली, अंगठ्याखालच्या दोन्ही दांड्या फिरवून पाहिल्या, टीव्हीशेजारी नीट ठेवला आणि चपला घातल्या. घरात तेव्हा चौघंच होते.

"तुम्ही जा आता," दिपमाला म्हणाली. "आई येईल."

"आई तर आतच आहे की."

"मग अभ्यासाला बसवेल. जा ना गं."

पुनमनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि शीतलचं दप्तर उचलून तिच्या हातात दिलं. फाटक वाजलं. दिपमालानं कंट्रोलर तोंडाजवळ आणला.

"भाऊ?"

लांबवर, दोन कंटेनरांच्या मधे, तो बंदूक खाली करून उभा होता. आतून आई खोकली. गेला आठवडाभर ती अशीच खोकत होती, आधी थोडं, मग एकदम पोटातून.

'दवाखान्यात दाखवलं का तिला? कधीपासून ऐकतोय.'

दिपमालाला वाटलं होतं, ही खोली आणि ते बंदर यांच्यात एक भिंत आहे. माइक कंट्रोलरमध्येच होता. तो बंद करायचं तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दीड महिना कुकरच्या शिट्ट्या, दूधवाल्याची हाक, आईचं 'दिपे, बठ्ठं दूध उतू गयं, ध्यान कथा शे तुनं' हे सगळं पलीकडे जात होतं.

"कुठे आहेस तू?"

'सुरत. गेमिंग कॅफेत कामाला आहे. पाचला गिऱ्हाईक कमी असतं, एक मशीन मिळतं.'

"स्पर्धा?"

'दोन खेळलो. इथली पोरं वेगळीच आहेत दिपे. माझं तेवढं नाही.'

शिरपुरात नवलसारखा खेळणारा कोणी नव्हता. दिवाणावर दाटीवाटीनं बसून गल्लीतली पोरं त्याचा खेळ बघायची.

"मग ये ना घरी."

'काय सांगू येऊन?'

"काही नको सांगू. नुसता ये."

'घरी बोलू नको. पप्पा न्यायला येतील. मग मी इथूनही जाईन, हा आयडीपण टाकून देईन. शपथ घे.'

"कोनासंगे बोली राहिनी व?" आईचा आवाज जवळ आला. लताबाई परातीत मेथी घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या आणि पंख्याखाली भिंतीला टेकून बसल्या. आत फार उकडत होतं.

"गेममधला आहे एक."

"पुनम-शीतल गयात का? च्या तरी लेत्यात." त्यांनी मेथीची जुडी सोडली. पानं खुडता खुडता त्या बोलत राहिल्या. समोरच्या तानुबाईकडे लग्नाचं ठरतंय. या मेथीत निम्मं गवतच आहे. मेथी एकालाच आवडायची घरात, तरी हात सवयीनं तीच उचलतो. एवढं बोलून त्या थांबल्या, खोकल्या, आणि पदरानं तोंड पुसत टीव्हीकडे पाहू लागल्या.

पडद्यावर तो तसाच उभा होता. ना आडोशाला जात होता, ना बंदूक वर करत होता. वाऱ्यानं मागचा एक दोरखंड तेवढा हलत होता.

"हाऊ बिचारा उभाच शे," लताबाई म्हणाल्या. "मार ना त्याले."

दिपमालानं कंट्रोलर घट्ट धरला. निशाणा आपोआप डावीकडे सरकत गेला, माणसावरून निघून रिकाम्या पाण्यावर.

"काय व? येस नही का तुले?"

"येतं," दिपमाला म्हणाली. "थांब जरा."

परात उचलून आई आत गेली तेव्हा पंख्याखाली दोन-चार देठं उरली होती. पडद्यावर अक्षरं आली.

'मार. आई सांगतेय ना.'

"तू आधी खरं सांग." तिचा आवाज आता शेवटच्या बाकाला ऐकवणारा नव्हता, दुसऱ्या बाकापर्यंतही न पोचणारा जुना आवाज होता. "मघाशी विचारलं ते. मुद्दाम मरतोस ना तू?"

यावेळी त्यानं लगेच लिहिलं, जणू उत्तर कधीचं तयार होतं.

'तू हरलीस की मशीन बंद करतेस.'

आणि त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला. गिऱ्हाईक आलं असेल.

दिपमाला टीव्हीपुढे बसून राहिली. दीड महिन्यातला एकेक खेळ तिला आठवत होता. शेवटच्या गोळीवर जिंकलेले, उडी मारून जिंकलेले, आईला ओरडून सांगितलेले. धुळ्याच्या स्पर्धेत कॉन्सोल आणि पीसी एकत्र खेळवणार आहेत, मी नाव देणार, असं तिनं ज्यांच्या जोरावर ठरवलं होतं ते सगळे. त्यातला तिचा एकही नव्हता. पण रडू त्याचं येत नव्हतं. जिंकल्यावर 'अजून एक?' असं तो रोज लिहायचा, आणि ती ऐटीत म्हणायची, 'तुझी हौस अजून फिटली नाही वाटतं.'

पप्पा, म्हणजे सुकदेवनाना, दुकानातून आले ते नेहमीसारखे बाहेर ओट्यावरच थांबले. टीव्ही बंद आहे हे खिडकीतून पाहिलं, मग आत आले. वर्ष झालं, कॉन्सोल चालू असला की ते त्या खोलीत पाय ठेवत नसत. अंगाला वॉर्निशचा वास होता आणि बाहीला तांब्याच्या तारेचा एक तुकडा अडकला होता. हातपाय धुऊन ते ताटावर बसले. मेथीची भाजी आणि कळण्याची भाकरी होती.

"काय ठरनं मंग?" त्यांनी विचारलं.

सकाळीच त्यांनी सांगून ठेवलं होतं. दहावीचं वर्ष आहे. धुळ्याला खेळायचं तर एकदा खेळून ये, आणि नसेल तर डबा शेजारच्या भिकनच्या पोराला देऊन टाकू. घरात सगळे त्या कॉन्सोलला डबाच म्हणायचे. मधलं काही नको, रात्री सांग. सकाळी तिनं हसत हसत म्हटलं होतं, सांगायचं काय त्यात, बक्षीस ठेवायला कपाटात जागा करा.

"धुळ्याला नाव देत नाही मी," दिपमाला म्हणाली.

आईनं भाकरी थापता थापता मान वळवली. "कसं काय? एवढी तं जितत व्हती."

"नव्हते जिंकत."

पप्पांनी घास खाली ठेवला. पोरगी हरून आल्यासारखी दिसत होती, पण डोळे हरल्यासारखे नव्हते.

"जाऊ दे माय," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मंग भिकनले सांगी देऊ का?"

"नाही. डबा कुठे जाणार नाही." ती उठून उभी राहिली. "अभ्यास मी पहाटे करेन, मार्क कमी पडले तर तेव्हा बोला. पण पाचपासून दिवे लागेपर्यंत मी खेळणार. रोज. आई, तू उद्या आधी दवाखान्यात जायचं, आणि मग भाजी निवडायला बाहेरच्या खोलीतच बसायचं, पंख्याखाली. पप्पा, तुम्ही दुकानातून लवकर यायचं, आणि ओट्यावर थांबायचं नाही. आत येऊन बसायचं. गप्प नाही बसायचं. काहीबाही बोलत राहायचं."

"काय बोलानं?"

"काहीही. मोटारींचं बोला. मेथीचं बोला."

लताबाईंचा हात परातीत थांबला. सुकदेवनाना मुलीकडे बघत राहिले, मग तिच्या मागे, उघड्या दारातून दिसणाऱ्या, टीव्हीशेजारी नीट ठेवलेल्या कंट्रोलरकडे. बाहीतला तारेचा तुकडा काढून ते बोटांत सरळ करू लागले.

"आन् तू?" शेवटी ते म्हणाले.

"मी खेळेन," दिपमाला म्हणाली. "आणि हरले तरी बंद करणार नाही. ठरवलंय मी."