कोठारातला चाकू

छावणीबाहेरच्या लोहाराकडे जवान पदरचे पैसे घालून चाकू घ्यायचे. आज तोंड वर करून कोठारावरचा हवालदारच रांगेत उभा होता. यानेच लोहाराच्या धाकट्या भावाला सरकारी चाकू दिला होता आणि मूठ हलते म्हटल्यावर, "नखरे नकोत," म्हणून झिडकारलं होतं. नदी ओलांडताना भाऊ दोरात अडकला, दोर कापताना पातं मुठीतून निखळलं आणि तो बुडाला.

"पोरगा भरती झालाय. चांगला चाकू दे," हवालदार म्हणाला.

"तुमच्या कोठारातला का नको?"

हवालदार पुटपुटला, "त्यांच्या मुठी निखळतात रे. मला ठाऊक नाही का?"

लोहाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने भाता थांबवला.

"मोठ्यानं बोला, हवालदारसाहेब. मागे सगळे जवानच उभे आहेत."