कोऱ्या हेल्मेटमधले किडे

परातीतल्या पाण्यात पांढरे किडे दिसले आणि हॉलभर बसलेल्या बायकांनी एकदमच श्वास आत ओढला.

हिंदी मुलखातल्या पोलादाच्या गावात, कॅम्प-१ वस्तीतला हा हॉल एरवी बारशांना आणि साखरपुड्यांना भाड्याने जायचा. सध्या दर रविवारी तिथे विज्ञान भरत होतं. निदान बाहेरच्या फलकावर तरी तसंच लिहिलं होतं: ‘केश कीट अनुसंधान केंद्र’. आतलं अनुसंधान म्हणजे एक मोठी परात, परातीत पाणी, पाण्याच्या मधोमध विटेवर ठेवलेली निखाऱ्यांची लोखंडी वाटी आणि निखाऱ्यांवर टाकायला डब्यातली चिमूटभर ‘दवा’. केस गळणाऱ्या बाईने परातीवर वाकायचं, केस पुढे सोडायचे आणि वरून ओली चादर घ्यायची. आत धूर कोंडायचा, बाई खोकून बेजार व्हायची, आणि चादर उचलली की पाण्यावर बारीक, वाकडे, पांढरे किडे तरंगत असायचे.

मग पांढऱ्या कोटातले प्रोफेसर कुंतल भिंग घेऊन पुढे व्हायचे. कोणत्या विद्यापीठाचे प्रोफेसर, हे कोणी विचारलं नव्हतं. कोट इस्त्रीचा होता, तेवढ्यावर भागत होतं.

“देखिए माताजी, खुद देखिए! मैं कोई बाबा नहीं हूँ. न मंतर, न ताबीज, न परसाद. मैं तो कहता हूँ, मुझ पर विश्वास मत करो, अपनी आँखों पर करो! बालों की जड़ चबा रहा था, ये रहा वो बदमाश. दाँत देखो इसके!”

दात कोणालाच दिसत नव्हते. “हाव, हाव” मात्र सगळ्याच म्हणत होत्या.

मागच्या रांगेत संघमित्रा बसली होती. ती अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची. बोलायची कमी, आणि बोलायच्या आधी नीट बघून घ्यायची. तिच्या एका बाजूला आई पंचफुला, दुसऱ्या बाजूला भावाची बायको सुजाता. “एकडाव येऊन त पाय,” असा आईने आठवडाभर धोशा लावला, म्हणून ती आली होती.

“पायलं?” पंचफुलाबाईंनी तिला कोपराने ढोसलं. “आता बोल.”

“पाहून राहिली,” संघमित्रा म्हणाली.

पंचफुलाबाई भाबड्या नव्हत्या. त्यांच्या घरात देव्हारा नव्हता, अंगारा-धुपारा नव्हता. गल्लीत कोणाच्या अंगात आलं की त्या दारात उभ्या राहून हसायच्या. “आमी ऐकलेलं मानत नाही, पायलेलं मानतो,” असं त्या चारचौघींत अभिमानाने सांगायच्या. कुंतलसाहेबांनी गळ टाकला तो नेमका तिथेच. या बायांपुढे देवीचा कोप खपणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. म्हणून पुढच्या रांगेत ते “माता रानी की किरपा” म्हणायचे, आणि पंचफुलाबाई दिसल्या की हात जोडून, “जय भीम, माताजी! आप लोग तो विज्ञान वाले हो.” परात तीच, धूर तोच. फक्त नमस्कार बदलायचा.

संघमित्राच्या घरी, सेक्टर ६ मधल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, खिडकीच्या कट्ट्यावर आता एक बाटली होती. तिच्यात सुजाताचे किडे होते. प्रत्येक बाईला तिचे किडे बाटलीत भरून मिळायचे, पुरावा म्हणून. शेजारच्या हिराने तर आपली बाटली टीव्हीशेजारी मांडली होती आणि आल्यागेल्याला ती चहाच्या आधी दाखवायची.

सुजाताचा भांग वर्षभरात रुंद होत गेला होता. कंगव्यात केस, उशीवर केस, वरणात केस. पण संघमित्राला केसांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती. सुजाता एक जिना चढली की दम लागून मध्येच बसायची. संघमित्राने तिला दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, थायरॉइड ठीक होतं, पण हिमोग्लोबिन फार कमी आणि अंगातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. महिन्याच्या महिन्याला अंगावरून खूप जायचं, ते तिने कोणाला सांगितलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि रक्तस्रावाचं कारण शोधायला सोनोग्राफी लिहून दिली.

प्रोफेसरांनी गोळ्या बंद करायला लावल्या आणि सोनोग्राफीही होऊ दिली नाही.

“लोहा खाओगी, बहनजी? अरे, लोहे को क्या लगता है? जंग! और जंग तो कीड़े का टॉनिक है.”

पोलाद गाळणाऱ्या गावात हा तर्क लगेच गळी उतरला. गंज म्हणजे काय, हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

पुढचा रविवार ‘लेपा’चा ठरला होता. सुजाताचं डोकं भादरून त्यावर काळा लेप थापायचा. “रात भर जलेगा. जलेगा मतलब काम कर रहा है!” ती बरणी संघमित्राने जवळ जाऊन पाहिली होती. काळंभोर, चिकट तेल. बरणीचं झाकण पुसणाऱ्या प्रोफेसरांच्या स्वतःच्या बोटांवर फोड. बिब्बा होता तो. कातडीवर थापला तर ती भाजल्यासारखी फोडांनी भरते. जखम खोल गेली, केसाचं मूळच जळालं, तर तिथे पुन्हा कधीच केस येत नाही.

हॉलमधून परतल्यावर त्या संध्याकाळी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन सुजाता जिन्यातच बसलेली सापडली. ओठ पांढरे पडले होते.

“वहिनी, गोळी घेऊन नाही राहिल्या ना?”

“ताई, रागावू नोका. त्यानं किडे मोठे होते म्हनते ना तो. आन् हिराचे केस आले की नाही वापस?”

“हिराचं बाळ केवढं आहे? बाळंतपणानंतर काही महिन्यांनी बऱ्याच जणींचे केस गळतात, आणि मग आपोआप येतात. ती सुपेल्याच्या बाजारात पाणीपुरी खायला गेली असती, तरी आले असते.”

वरून, दारातून पंचफुलाबाईंचा आवाज आला. “आन् किडे? ते बी आपोआप आले का वं? माया डोयानं पायले मी!”

दुसऱ्या दिवशी किड्यांची बाटली पर्समध्ये टाकून संघमित्रा शाळेत गेली.

सूक्ष्मदर्शकाखाली तो किडा आणखीच विचित्र दिसला. त्याला तोंड नव्हतं. अंगावर वळ्या नव्हत्या, पोटात आतडं नव्हतं. एक टोक बोथट, दुसऱ्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या दोन चिंचोळ्या पानांसारखं काहीतरी. संघमित्रा स्वतःशीच हसली. ‘बी आणि अंकुर’ हा पाठ शिकवताना ती हेच चित्र दरवर्षी फळ्यावर काढायची. तो किडा नव्हता. बीच्या आत मुटकुळं करून झोपलेलं रोपाचं बाळ होतं ते, भ्रूण.

कोणाचं बी, हेही शोधायला दूर जावं लागलं नाही. शाळेच्या कुंपणाला लागून भुईरिंगणी पसरली होती, काटेरी, पिवळ्या फळांची. इथले लोक तिला भटकटैया म्हणतात. तिच्या सुकलेल्या बिया तिने तापल्या पत्र्यावर टाकल्या, खाली पाण्याची बशी ठेवली आणि वरून ओलं फडकं धरलं. बिया तडकल्या. बशीत प्रोफेसर कुंतलांचे किडे हजर झाले.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. पंचफुलाबाईंनी मान डोलावली नाही.

“तो बी काच दाखवते, तू बी काच दाखवते. कोनाची काच खरी मानू मी?”

प्रश्न चोख होता.

“बरोबर आहे आई. मग काच नको. जिथं किडे असूच शकत नाहीत, अशा डोक्याले धुरी देऊ.”

“असं डोकं कुठचं?”

दाराजवळच्या खुंटीवर भावाचं, राजदीपचं, प्लांटचं पिवळं हेल्मेट लटकत होतं. संघमित्राने तिकडे बोट दाखवलं.

“हूं,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “आन् त्यात राजदीपच्या डोक्यातले उतरले असतीन त मंग?”

संघमित्रा आईकडे बघतच राहिली. ही शंका काढायला ती वर्षानुवर्षं मुलांना शिकवत होती.

आतल्या खोलीतून राजदीप बाहेर आला. “माह्या डोक्यात किडे? वा आई! थांब, नवीन हेल्मेट परवाच इशू झालं आहे. वरची प्लास्टिकची पन्नी बी नाही काढली. पन जरा सांभाळून. ते जळलं त सेफ्टीवाला मले जाळीन.”

“ठरलं,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “पन किडे नाही निघाले त सुजाता लेप लावीन, आन् तू मधात तोंड नाही घालायचं.”

“कबूल.”

शाळेत आधी करून पाहिलं नसतं, तर वहिनीचं डोकं तिने असं पणाला लावलं नसतं.

रविवारी हॉल गच्च भरला होता. एका कोपऱ्यात गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून सुजाता स्टुलावर बसली होती. न्हावी वस्तऱ्यात नवीन पातं बसवत होता. परातीसमोर पंचफुलाबाई ठाण मांडून बसल्या, मांडीवर पिशवी.

“माताजी, थैला बाजू में रख दीजिए.”

“राहू दे बापा. त्यात माया दवाया आहेत.”

त्या वाकल्या, चादर पडली, दवा निखाऱ्यांवर पडली. चादरीखाली बरीच खुडबुड झाली. प्रोफेसरांनी तिचा अर्थ आपल्या परीने लावला.

“छटपटा रहा है! देखो बहनो, चादर कैसी हिल रही है! खानदान का खानदान बैठा है अंदर. पुराना रोग है. माताजी, जलन हो रही है न?”

“लय होऊन राहिली!” चादरीखालून आवाज आला.

“सिर में?”

“हाव, सिर में!”

प्रोफेसरांनी चादरीची कड जराशी उचलून काठाचं पाणी तेवढं पाहिलं आणि विजयी मुद्रेने सगळ्यांकडे वळले. “बाप रे! पूरा घोंसला निकला!” आणि झटक्यात चादर ओढली.

परातीवर पंचफुलाबाईंचं डोकं नव्हतंच. ते मागे, पदरात सुरक्षित होतं. दोन्ही हातांनी त्यांनी निखाऱ्यांवर पिवळं हेल्मेट धरलं होतं, घाम आलेल्या पन्नीसकट. खाली पाण्यात किडे भरपूर होते.

मग हिरा फसकन हसली आणि हसू रांगांमागून रांगा पसरत गेलं.

प्रोफेसर हरणारे नव्हते. “तो इसमें हँसने का क्या है? हेलमेट जिसने पहना, उसके सिर के कीड़े!”

आणि खरं सांगायचं तर, पाच-सहा माना डोलल्यासुद्धा.

“कोनं घातलं रे?” पंचफुलाबाई कडाडल्या. “कोरं आहे हे! पन्नी दिसत नाही? भिंग घे तुयं आन् पाय!”

“फैक्ट्री में किसी ने ट्राई किया होगा...”

संघमित्रा शांतपणे पुढे आली. तिने पाणी बदललं. डब्यातली चिमूटभर दवा निखाऱ्यांवर टाकली, परातीभोवती चार विटा उभ्या केल्या आणि त्यांच्यावर चादर पसरली. खाली कोणी नाही, बाई नाही, हेल्मेट नाही. थोड्या वेळाने तिने चादर हिरालाच उचलायला लावली.

“अवं माय,” हिरा म्हणाली. “आहेतच ना!”

संघमित्राने पर्समधून पिवळं फळ काढलं, नखाने फोडलं आणि आतल्या बिया डब्यातल्या दवेशेजारी तळहातावर ठेवल्या. तळहात रांगेरांगेने फिरवला. “भटकटैया. नाल्याकाठी पाहिजे तेवढी उगवते. बी तापलं की तडकतं, आतलं कोवळं रोप बाहेर उडून पाण्यात पडतं. ते हलतं, कारण निखाऱ्यांनी पाणी तापून हलत असतं. किडा कोणाच्याच डोक्यात नव्हता. डब्यात होता.”

“यहाँ नकारात्मक शक्ति आ गई है,” प्रोफेसर कोट काढत पुटपुटले. “अब प्रयोग नहीं होगा.”

एवढे रविवार ते बाबा नव्हते. आता झाले.

कोपऱ्यात सुजाताने गळ्यातला टॉवेल स्वतःच सोडला आणि नीट घडी करून न्हाव्याच्या हातात दिला. त्या बिचाऱ्याने वस्तरा केव्हाच मिटला होता. डबा आणि लेपाची बरणी बायकांनी प्रोफेसरांना नेऊ दिली नाही. ती दोन्ही त्या दुपारीच पोलीस ठाण्यात पोचवली.

त्या रात्री जेवणानंतर संघमित्राने सुजातापुढे लोहाची गोळी आणि लिंबूपाणी ठेवलं. पंचफुलाबाई समोरच बसल्या होत्या.

“हिच्यानं केस येतीन?”

“लोहाच्या कमीमुळे गळत असतील तर यायला पाहिजेत. महिने लागतील. सोनोग्राफीही करायची आहे, नाहीतर इकडून भरायचं आणि तिकडून वाहून जायचं. आणि प्रत्येकीचं कारण वेगळं असतं, आई. कोणाचं थायरॉइड, कोणाचं तापानंतरचं, कोणाचं घराण्यातलं. एकाच परातीत सगळ्यांचं कारण सापडत नाही.”

“आन् तू म्हनते ते खरं कायवरून?”

सुजाता दचकली. संघमित्राला मात्र त्या आठवड्यातलं हे सगळ्यात गोड वाक्य वाटलं. तिने आधीचा रक्ताचा रिपोर्ट आईसमोर ठेवला. “गोळ्या झाल्या की पुन्हा रक्त तपासू. आकडा हलला नाही, तर डॉक्टरीणबाईंना विचारू, काय चुकलं ते. मला नको मानू.”

उन्हाळा सरेपर्यंत सुजाता जिना न थांबता चढू लागली. दिवाळीच्या सुमाराला भांगाच्या कडेला आखूड, ताठ, नवे केस दिसू लागले. एखादं चिवट तण उगवावं तसे ते कंगव्याला जुमानत नव्हते. आकडाही हलला होता. तो पंचफुलाबाईंनी आधी पाहिला आणि मगच केसांकडे पाहिलं.

डोळ्यांनी पाहिलं, एवढ्यावर थांबू नका. डोळ्यांना दाखवणं हाच तर ठकाचा धंदा आहे. केस गळत असतील तर लाजू नका, लपवू नका. डॉक्टरकडे जा, रक्त तपासा, कारण शोधा. आणि कोणी पांढऱ्या कोटात किंवा भगव्या कफनीत येऊन तुमच्या डोक्यातून काही काढून दाखवू लागलं, तर भांडू नका. फक्त एक कोरं हेल्मेट पुढे करा आणि म्हणा, आधी ह्याच्यातून काढून दाखवा.