भिंतीतल्या बाई

"ये गं पाखरा, ऊन कललं, अंगण माझं रितं झालं..."

आत्याची ही हाक गाण्याच्या बाईंच्या कानात इतक्या वर्षांनंतरही ताजी होती. आत्याचा आवाज काही फार गोड नव्हता, जरा घोगराच. पण लपंडावात कुठेकुठे दडून बसलेली पोरं ती हाक आली की राज्य कुणावर आहे हे विसरून आपणहून बाहेर यायची. शेजारणी चेष्टेनं म्हणायच्या, "हिच्या आवाजापुढं कुणाचं लपणं टिकत नाही बाई." तो आवाज भाचीच्या गळ्यात उतरला. घोगरेपणा वाटेत कुठंतरी गळून गेला, मऊपणा तेवढा पोचला.

त्याच मऊपणावर त्यांचा गाण्याचा वर्ग तरला होता. शाळा सुटल्यावर भरणारे छंदवर्ग बंद करायचे असं भागातल्या सगळ्या शाळांच्या समितीनं ठरवलं, तेव्हा मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, एकट्या उभ्या राहिल्या. समितीला तेव्हा सुरक्षेशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. कुणी परका माणूस शाळेत शिरला तर कार्यालयातलं एक बटण दाबलं की शाळेतली सगळी दारं आपोआप लागतील आणि प्रत्येक खोलीत भिंतीवरचा स्पीकर सूचना देईल, अशी नवी सोय होणार होती. पण यंत्रातल्या आवाजानं लहानगी पोरं भेदरायची. "मग आमच्या गाण्याच्या बाईंचा आवाज घ्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्यांचा वर्गही सुरक्षेच्याच कामाला लागला असं समजा." असा तो वर्ग सुरक्षेच्या पदराआड लपवून वाचवलेला.

कार्यालयात, पोरांच्या विसरलेल्या डब्यांच्या कपाटाशेजारी उभं राहून बाईंनी सूचना म्हटली. मोठ्या बाईंनी ऐकली आणि डोळे पुसत हसल्या. "अशा आवाजात सांगितलं तर माझा नवरासुद्धा ऐकेल हो."

नवऱ्याचं माहीत नाही, पोरांनी मात्र ऐकलं. फारच ऐकलं.

दारं लावण्याचे दोन-तीन सराव झाले आणि वर्गात काहीतरी बिनसलं. बाईंनी "मुलांनो" म्हटलं रे म्हटलं की पोरं पाय पोटाशी घ्यायची. बाईंनी तो शब्दच टाकला. नुसत्या टाळ्या वाजवून त्या वर्ग सुरू करू लागल्या. मग त्यांनी सूर धरला तरी पोरांच्या माना आधी भिंतीकडे वळायच्या. गाणं निघायचं, चार पावलं चालायचं आणि एकेक आवाज खाली बसायचा. टकळी नावाची एक पोर होती. खरं नाव हजेरीपुरतं. तोंड म्हणजे अखंड चालू, म्हणून टकळी. तीही एकदा हळूच म्हणाली, "बाई, अजून हळू गाऊ का?"

व्हरांड्यात मोठ्या बाई भेटल्या की विचारायच्या, "काय, वर्ग कसा चाललाय?"

"छान," बाई म्हणायच्या. ज्या माणसानं आपल्यासाठी चार जणांशी वाकडं घेतलं, त्याला दुसरं काय सांगणार? मग घरी त्या स्वयंपाक करताना गुणगुणेनाशा झाल्या. "सासूबाई, तब्येत बरी आहे ना?" सून विचारायची. "घसा बसलाय," त्या सांगायच्या. घसा ठणठणीत होता.

आज समितीचे काका आले होते. शाळांचं बातमीपत्र तेच काढायचे. गळ्यात कॅमेरा, ओठांवर आधीच तयार मथळा. "बाई, तुम्ही तर आमची पहिल्या पानाची बातमी. हाच आवाज आता सगळ्या शाळांत बसवणार आहोत. एकदा सराव बघतो, एक फोटो घेतो, की झालं."

"सगळ्या शाळांत?" बाईंनी विचारलं.

"सगळ्या," काका म्हणाले. जणू सत्काराची शाल पांघरवत होते.

मोठ्या बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा इतका फुलला होता की बाईंनी पुढचं वाक्य गिळलं आणि त्या वर्गावर गेल्या.

गाण्याची खोली व्हरांड्याच्या टोकाला. एक जुना पियानो, वाद्यांचं कपाट, उंचावर एकच झरोका. पोरं बसतात न बसतात तोच दार खट्कन लागलं, दिवे मालवले आणि भिंत बोलू लागली.

"मुलांनो, दारं बंद झाली आहेत. खाली बसा. आवाज करू नका. ओळखीच्या माणसानं हाक मारली तरी ओ देऊ नका. मी सांगेन तेव्हाच उठा."

किती मायेनं म्हटलं होतं ते! पोरं पियानोच्या आडोशाला सरकली, एकमेकांत घुसली. बाईही त्यांच्यात बसल्या. एरवी थोड्या वेळात तोच आवाज 'आता सगळं ठीक आहे, उठा' असं म्हणायचा आणि त्यासरशी दारं उघडायची. आज थोडा वेळ झाला, मग बराच झाला. खोलीत उकडू लागलं. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं आणि कुणीच हसलं नाही. त्याचंच बाईंना जास्त वाईट वाटलं.

मग बाहेर धावपळ ऐकू आली. मोठ्या बाईंचा आवाज. "अहो, बटण दाबलंय की मी. काहीच होत नाहीये."

"ओढू नका बाई, ओढून नाही निघणार ते," वायरमन म्हणत होता. "लागायचं तेवढं बेस लागलं. उघडायचंच विसरलंय. थोडा दम धरा."

दारावर थाप पडली. "गाण्याच्या बाई, आत सगळे ठीक आहेत ना? बाकीच्या खोल्यांतून ओ आली. तुमचीच राहिलीय."

बाईंनी तोंड उघडलं आणि त्यावर एक घामेजलेला चिमुकला तळवा येऊन बसला. टकळीचा.

"बाई, ओ नाही द्यायची," ती कानात कुजबुजली. "ओळखीचं असलं तरी."

बाईंनी तळवा अलगद बाजूला केला. "अगं, मोठ्या बाई आहेत त्या. सराव संपला. उठा बघू सगळे."

कुणी हललं नाही.

"मी सांगतेय ना? आता सगळं ठीक आहे. उठा."

"तुम्ही नाही," टकळी म्हणाली. ती हट्टाला पेटली होती. "भिंतीतल्या बाईंनी सांगायला हवं. तुम्ही पण बसा. त्यांनी तुम्हाला पण सांगितलंय."

"टकळे, भिंतीत मीच आहे गं."

टकळीनं अंधारात त्यांच्याकडे नीट बघितलं, दारावरच्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं. "तुम्ही इथे आहात," ती म्हणाली.

बाहेर थापा वाढल्या. "बाई, बोला हो काहीतरी. जीव टांगणीला लागलाय आमचा." काका कुणाला तरी सांगत होते, की हे काही बातमीत घ्यायचं नाही. आत प्रत्येक थापेसरशी पोरं आणखी आखडत होती. सगळ्यात धाकट्यानं पियानोच्या पायाला मिठी मारली होती आणि तो तोंड दाबून रडत होता. रडण्याचा एवढासाही आवाज होऊ देत नव्हता. इतकं शहाणं, इतकं मुकं रडणं बाईंनी आजवर पाहिलं नव्हतं. हे आपण शिकवलं. सूर लावायला शिकवण्यासाठी जो गळा वापरायचा, त्यानंच शिकवलं. आणि उद्या शाळाशाळांतून अशीच पोरं भिंतीला धरून बसतील, फोटो पहिल्या पानावर येईल, आणि आपण पुन्हा छान म्हणू.

त्या उठल्या. टकळी त्यांच्या पदराला लोंबकळली. "बाई, नको ना, नका जाऊ."

पदर न सोडवता, तिला घेऊनच त्या दारापाशी गेल्या. दार थंड होतं. पलीकडं मोठ्या बाईंच्या श्वासाचा आवाज येत होता, इतक्या त्या जवळ होत्या.

"मोठ्या बाई, मी बोलतेय."

"सुटले गं बाई," पलीकडून आवाज आला. "मुलं बरी आहेत ना?"

"आहेत. कुणाला लागलं-बिगलं नाही." बाईंचा आवाज फाटला. त्यांनी तो सावरला नाही. "पण वर्ग छान नाही चाललेला. मी तुमच्याशी खोटं बोलत आले. सराव सुरू झाल्यापासून ही पोरं गात नाहीत. एकही गाणं शेवटाला गेलेलं नाही. माझ्या आवाजाला घाबरतात ती. तुम्ही माझ्यासाठी इतकं केलंत, मग कोणत्या तोंडानं सांगू, म्हणून गप्प राहिले."

मोठ्या बाईंनी काही म्हणायच्या आत त्या पुढं बोलल्या.

"काकांना म्हणावं, माझा आवाज कुठल्याही शाळेला देऊ नका. आणि इथल्या भिंतीतूनही काढा. त्याच्यापायी वर्ग गेला तर जाऊ दे."