भिंतीवर टांगलेला गार्ड

मी एका प्रेसचा गार्ड बोलतोय. वरून दणकन खाली येऊन पत्र्यातून डब्यांची झाकणं कापणारं ते मशीन, आणि त्याच्या तोंडासमोर चार बोल्टांनी बसवलेला जाड पत्रा म्हणजे मी. खाली अर्ध्या बोटाची फट. तिच्यातून पत्र्याची पट्टी आत जाते, हात जात नाही. माझं सगळं शहाणपण त्या फटीत आहे.

पण माझ्यामुळे खोळंबा होतो. पट्टी अडकली की मला सोडवा, ती काढा, मला परत बसवा. एकदा मोठी ऑर्डर आली तेव्हा मिस्त्री थोरलीला म्हणाला, "काढ गं ते झंझट." थोरली आणि धाकटी या सख्ख्या बहिणी प्रेसवर आळीपाळीने बसायच्या. थोरलीने पाना घेतला आणि मला उतरवलं. तिचा हात धरून कुणी ते करवून घेतलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

मिस्त्रीला म्हणींचा भारी नाद. घाई करायची असली की एक, दम धरायचा असला की दुसरी. ज्या दिवशी जी सोयीची ती. मी रिकामा सापडलो, तर माझ्यावर लाल रंगात जपून वागण्याची एक जुनी म्हण रंगवली आणि मला प्रेससमोरच्या भिंतीवर टांगलं. येणारे-जाणारे वाचून माना डोलवायचे. हात वाचवणारा पत्रा खिळ्याला, आणि हात उघड्या मशीनमध्ये! हसावं की रडावं, मला कळेना.

चौथ्या दिवशी दुपारी पट्टी अडकली. ती ओढायला धाकटीने हात आत घातला आणि पाय पेडलवरच राहिला. प्रेस खाली आली. तीन बोटं झाकणांच्या ढिगात पडली, रक्ताची चिळकांडी माझ्या अक्षरांवर उडाली. "ताई गं!" एवढंच ती ओरडली.

तिला दवाखान्यात पोचवून थोरली परत आली. मिस्त्री फरशी पुसून घेत होता. तिला बघून त्याने सुस्कारा सोडला आणि नशिबाची एक म्हण सुरू केली. ती पुरी झाली नाही. थोरलीने मला खिळ्यावरून ओरबाडलं आणि माझी कड त्याच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, दोन दात पडले.

"नशीब कसलं! तू सांगितलंस, मी काढलं!"

ती मारतच राहिली. मला लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. मग रक्ताळलेल्या हातांनीच तिने माझे चारही बोल्ट आवळले. मिस्त्रीने तिला कामावरून काढलं नाही, की तक्रारही केली नाही; केली असती तर मी भिंतीवर का होतो, तेही सांगावं लागलं असतं.

महिन्याभराने पुन्हा घाईची ऑर्डर आली. मिस्त्रीने पाना तिच्यापुढे ठेवला. "या वेळी जपून करू."

थोरलीने पाना उचलला, माझ्या फटीतून आत सरकवला आणि पेडल दाबलं. झाकणं कापणारा साचा फुटला. पोलादाचे तुकडे तिच्या तोंडाकडे सुटले, माझ्यावर आदळले आणि आतच पडले. जन्मात पहिल्यांदा माझं काम डोळ्यांना दिसलं होतं. तिला त्याच दिवशी काढून टाकलं.

आता माझ्यावर पाच पोचे आहेत, अक्षरं खरवडून गेलीत. प्रेसला नवा साचा आहे, समोर नवी बाई बसते. आज सकाळी मिस्त्रीने तिच्यापुढे नवा पाना ठेवला. तिने तो उचललाय.

बाई, म्हणी हव्या तेवढ्या भिंतीवर टांगा. मला इथंच राहू द्या.